लुबिचचे दोन मूकपट: एक आहे, एक हरवला

जर्मन दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच 1922 साली बर्लिनहून हॉलिवूडला आला. पुढे वॉर्नर ब्रदर्ससाठी त्याने नवरा-बायकोच्या नात्यावर जे मूकपट केले, त्यांतल्या दोघांची सतत गल्लत होते: 1924चा 'द मॅरेज सर्कल' आणि 1925चा 'किस मी अगेन'. कंपनी तीच, दिग्दर्शक तोच, मेरी प्रिव्होस्ट आणि माँटी ब्लू ही जोडीही तीच. पहिला आज घरबसल्या पाहता येतो. दुसऱ्याची एकही प्रत सापडलेली नाही.

'द मॅरेज सर्कल' व्हिएन्नात घडतो. सकाळी प्राध्यापक स्टॉक मोजा चढवतो, तर त्याला भोक. तो कपाट उघडतो, त्यात त्याच्यासाठी जवळपास काही नाही. बायकोचे कप्पे मात्र काठोकाठ भरलेले. या संसाराची अवस्था कळायला मग मूकपटातल्या संवादाच्या पाटीवरचा मजकूर लागतच नाही. ही बायको, म्हणजे मिझी (प्रिव्होस्ट), आपल्या मैत्रिणीच्या डॉक्टर नवऱ्याच्या (ब्लू) मागे लागते. डॉक्टर बिचारा टाळतो आणि टाळता टाळताच संशयात सापडतो. त्याच्या स्वतःच्या घरातली न्याहारी तर पुन्हा पुन्हा पाहावी अशी. पडद्यावर फक्त अंडं, कॉफीचा कप आणि दोन हात. चमचा कपात फिरता फिरता थांबतो, हात चौकटीबाहेर जातात, कप बाजूला सारला जातो. नवरा-बायको जवळ आले हे आपल्याला कळलं, पण चेहरे काही दिसले नाहीत.

'किस मी अगेन' पॅरिसमधला, नाटककार सार्दू याने घटस्फोटावर लिहिलेल्या जुन्या फ्रेंच प्रहसनावर बेतलेला. इथे प्रिव्होस्ट आणि ब्लूच एकमेकांचे नवरा-बायको. बायको एका संगीतकारात गुंतते. नवरा आदळआपट करत नाही, उलट घटस्फोटाला चटकन तयार होतो आणि त्याच वाटेने तिला परत मिळवतो. आधीच्या चित्रपटात जो माणूस दुसऱ्यांच्या डावात सापडला होता, तोच इथे डाव मांडतो. म्हणून एक पाहिला की दुसऱ्याची कल्पना येते, हे मला पटत नाही.

जुना फोटो यांतल्या कुठल्या चित्रपटाचा, हे ओळखायचं असेल तर जोडीकडे बघू नका, तिसऱ्या माणसाकडे बघा. अडॉल्फ मंजू किंवा फ्लॉरेन्स व्हिडोर असेल तर 'मॅरेज सर्कल'. जॉन रोश असेल, किंवा वकिलाच्या कचेरीतली मुलगी झालेली तरुण क्लारा बो असेल, तर 'किस मी अगेन'. आणि फोटो आहे म्हणजे चित्रपटाचा तुकडा उरला, असंही समजू नये. प्रसिद्धीचे फोटो सेटवर वेगळ्या कॅमेऱ्याने काढत; रिळाशी त्यांचा संबंध नाही.

नावामुळेही घोळ होतो. 1931चा 'किस मी अगेन' हा गाण्यांचा बोलपट आहे, गोष्ट पूर्ण निराळी. लुबिचने आपली गोष्ट 1941 साली पुन्हा केली ती 'दॅट अनसर्टन फीलिंग' या नावाने. त्यात पॅरिसचं न्यूयॉर्क झालं आणि बायकोला उचक्या लागल्या. 'मॅरेज सर्कल'चाही 1932 साली 'वन अवर विथ यू' हा गाण्यांचा बोलपट झाला.

आपल्याकडे बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'चं असंच आहे. मूकपट 1925चा, बोलपट 1936चा. मूकपट आज उपलब्ध नाही आणि बोलपट काही त्याची प्रत नव्हे.

अशा हानीमागे त्या काळी वापरात असलेली नायट्रेटची फिल्म हे मोठं कारण. ती चटकन पेटते, आणि नाही पेटली तरी आतून कुजत जाते: आधी चिकट होते, रिळाचे थर एकमेकांना धरतात, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी. शिवाय बोलपट आल्यावर मूकपट सांभाळण्यात कंपन्यांना पैसा दिसेना. अमेरिकेत 1912 ते 1929 या काळात सुमारे 11,000 लांब मूकपट निघाले; मूळ 35 मिमी रूपात पूर्ण उरलेले फक्त 14 टक्के. लुबिचने वॉर्नरसाठी केलेल्या पाच मूकपटांपैकी चार उरले आणि नेमका 'किस मी अगेन'च गेला, याची मला फार हळहळ वाटते.