एकबारी रायफल, मोठं काडतूस आणि खानदेशातलं उलटं गणित

रावेर-यावल पट्ट्यात केळीत रानडुकरं शिरली की बंदुकीच्या परवान्याच्या गप्पा निघतात. त्यात एखादा जाणकार हमखास सांगतो, "जुनी एकबारी घ्यायची, चेंबर मोठं करून घ्यायचं, मग काय, जोरदार काडतूस चालतंय." ऐकायला सोपं आहे. पण या एका वाक्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि आपल्या मुलखात तो नेमका उलट्या दिशेने गेला.

चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाचा कोठा, काडतूस बसतं ती जागा. गोळी जाते ते छिद्र तसंच ठेवून हा कोठा लांब किंवा रुंद केला की जास्त दारूचं काडतूस मावतं. एकबारीत, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरायच्या बंदुकीत, मॅगझिनच (जादा काडतुसांची पेटी) नसल्यामुळे लांब काडतूस त्यात मावेल का, ही अडचण येत नाही. अडचण येते ती मागून कोठा बंद करणाऱ्या ठोकळ्याची. बाराचा सगळा दणका तोच झेलतो.

हा खटाटोप सुरू झाला तो काटकसरीतून. ठासणीच्या लाखो एनफिल्ड बंदुका टाकून द्यायच्या नव्हत्या, म्हणून ब्रिटिशांनी १८६६ मध्ये जेकब स्नायडर या अमेरिकनाची युक्ती उचलली. नळीचा मागचा भाग कापून तिथे बाजूला उघडणारं झाकण बसवलं. १८७१ ला मार्टिनी-हेन्री आली. तिच्या चापामागची दांडी खाली ओढली की ठोकळा पुढच्या बाजूने झुकतो, काडतूस आत सरकवायचं, दांडी वर, बार तयार. तिचं काडतूस म्हणजे स्नायडरच्याच ०.५७७ इंची काडतुसाचा भाऊबंद. तोंड आवळून ०.४५० ची गोळी बसवलेली, मागे ८५ ग्रेन काळी दारू. सुरुवातीला ही काडतुसं पातळ पितळी पत्र्याची वळलेली असत. सुदानच्या वाळूत १८८५ मध्ये ती चेंबरमध्ये रुतून बसू लागली आणि भर लढाईत शिपायांचे हाल झाले. मग अखंड पितळेची काडतुसं वापरात आली.

पुढे ०.३०३ इंची गोळीची थ्री नॉट थ्री रायफल आली तेव्हा याच मार्टिनीला नवी, बारीक छिद्राची नळी बसवून मार्टिनी-मेटफर्ड आणि मार्टिनी-एनफिल्ड केल्या. ठोकळा टिकला, पण मेटफर्डच्या उथळ आट्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा, टिकल्या नाहीत. कॉर्डाइट ही बिनधुराची दारू इतकी गरम जळे की आट्या झिजून जात. १८९५ ला खोल आट्यांची एनफिल्ड नळी आली ती त्यामुळेच. काडतूस वाढलं की नेहमी असंच होतं. एक भाग निभावतो, दुसरा हात टेकतो.

हौशी लोकांनी हाच खेळ पुढे नेला. ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी कॅडेटांच्या छोट्या मार्टिनी नंतर विक्रीला निघाल्या आणि किती तरी जणांनी त्यांची चेंबरं दुसऱ्या काडतुसांसाठी कोरून घेतली. अमेरिकेत लाइल किलबर्नने पॉइंट टू-टू हॉर्नेट या छोट्या काडतुसाचा कोठा थोडा रुंद करून के-हॉर्नेट काढलं. त्याची गंमत अशी की जुनं काडतूस त्यातच उडवलं की पितळ फुगून नव्या आकाराचं होतं.

आता खानदेश. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. म्हणजे सरकारनेच सातपुड्यातल्या माणसाच्या हाती बंदूक दिली. ५७ च्या उठावात, सरकारनेच सेंधव्याच्या घाटाच्या पहाऱ्यावर नेमलेला भिल्ल नायक खाज्या नाईक उलटला, एप्रिल १८५८ मध्ये भिल्ल आणि इंग्रजांची अंबापाणीची लढाई झाली, आणि दिलेली बंदूक उलटूही शकते हे साहेबाला नीट कळलं. उत्तर भारतातल्या उठावाने तर त्याची झोपच उडवली होती. मग देशी शिपायांच्या एनफिल्डच्या नळ्या आतून कोरून आट्याच काढून टाकल्या. ०.५७७ चं छिद्र ०.६५६ झालं, आणि लांबवर नेम धरणारी रायफल गुळगुळीत मस्केट झाली. कोरल्याने नळीची भिंत इतकी पातळ झाली की ती फुगू-वाकू लागली. दुसऱ्याच वर्षी जाड नळीचा नमुना काढावा लागला. साहेबाची फजितीच म्हणायची.

ही खोड शेवटपर्यंत गेली नाही. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात ०.४५० ची काडतुसं आणण्यावर बंदी आली, कारण ती गोळी बंडखोरांच्या हातच्या जुन्या मार्टिनीला चालली असती. वाघ-हत्तीच्या शिकारीसाठी विलायती कारागिरांनी लगेच ०.४७० आणि तिच्या बहिणी काढल्या. पहाऱ्यावरच्या पोलिसांसाठी बंगालातल्या ईशापूरच्या बंदूक कारखान्याने थ्री नॉट थ्रीची नळी मोठी कोरली, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा ठोकला आणि ०.४१० ची एकबारी मस्केट केली. काडतूस थ्री नॉट थ्रीचंच, फक्त तोंड न आवळलेलं. चोरीला गेली तरी लष्करी गोळी तिच्यात चालायची नाही. आणखी गंमत म्हणजे यातल्या काही मस्केटी पुढे परदेशी विकल्या गेल्या आणि तिथल्या हौशींनी त्यांची चेंबरं लांब करून त्यात तीन इंची छर्ऱ्याची काडतुसं घातली.

स्वातंत्र्यानंतर ईशापूरलाच जास्त दाबाचं ७.६२ मिलिमीटरचं काडतूस हवं होतं. तिथे जुन्याच बंदुकीचा कोठा कोरून भागवलं नाही, अधिक चांगलं पोलाद वापरून २ए रायफल बनवली. गप्पांमधल्या जाणकाराला मी हेच सांगतो. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात बंदुकीत बदल करण्यालाही परवाना लागतो.

आमच्या घरच्या जुन्या पेटीत एक रिकामं पितळ आहे, सरळसोट, गळा नसलेलं. बुडावर 'केएफ' हा खडकीच्या कारखान्याचा शिक्का. वरणगावचा कारखाना, जिथे आज आपल्याच जिल्ह्यात काडतुसं बनतात, १९६४ चा. हे पितळ त्याआधीचं असावं असा माझा होरा. लहानपणी आम्ही त्याची शिट्टी करायचो.