एक्स सर्व्हर की व्हीएनसी: चित्र कुठे काढलं जातं?

समजा, लिनक्स वर्कस्टेशन बडोद्याला कलाभवनातल्या लॅबमध्ये आहे आणि तुम्ही दांडिया बाजारात घरी विंडोजच्या पीसीसमोर बसला आहात. तिथला प्रोग्रॅम इथे दिसायला हवा. एक्स सर्व्हर लावा नाहीतर व्हीएनसी (दूरच्या मशीनचा डेस्कटॉप इथे दाखवणारी पद्धत), पडद्यावर खिडकी तशीच दिसते. म्हणूनच गल्लत होते.

एक्स विंडो सिस्टीम, म्हणजे लिनक्ससारख्या सिस्टीमवर खिडक्या दाखवणारी पद्धत, १९८४ साली एमआयटीत सुरू झाली. तिच्यात सर्व्हर म्हणजे तुमचा पीसी, कारण पडदा, कीबोर्ड, माउस त्याच्याकडे. लॅबमधला प्रोग्रॅम हा क्लायंट. नावं उलटी वाटतात, पण एकदा डोक्यात बसली की निम्म्या अडचणी सुटतात. प्रोग्रॅम तिकडून 'इथे रेघ ओढ, इथे अक्षरं लिही' असं सांगतो आणि चित्र तुमचा पीसी काढतो. व्हीएनसीत अख्खा डेस्कटॉप वर्कस्टेशनच्याच मेमरीत रंगतो. तुमच्याकडे बदललेल्या भागाची फक्त प्रत येते.

एक्ससाठी आधी पीसीवर व्हीसीएक्सएसआरव्ही (विंडोजसाठीचा एक्स सर्व्हर) चालू करा, डिस्प्ले क्रमांक ०. मग पुटीमध्ये (एसएसएच या सुरक्षित जोडणीने दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या प्रोग्रॅममध्ये) कनेक्शन, एसएसएच, एक्स११ इथे जाऊन फॉरवर्डिंगवर खूण करा, म्हणजे एक्सची ये-जा एसएसएचच्या बोगद्यातून होईल, आणि लॉगिन करा. आता वर्कस्टेशनवर डिस्प्ले व्हेरिएबल (चित्र कुठल्या पडद्यावर पाठवायचं ते प्रोग्रॅमला सांगणारी नोंद) तपासा: 'लोकलहोस्ट:१०.०' असं काहीतरी दिसायला हवं. रिकामं असेल तर बहुधा वर्कस्टेशनवर एक्सऑथ (एक्सच्या परवानगीची किल्ली सांभाळणारा प्रोग्रॅम) नाही, किंवा तिथल्या एसएसएचच्या सेटिंगमध्ये एक्स११ फॉरवर्डिंग बंद आहे. कृपा करून हे व्हेरिएबल हाताने भरू नका. तिथे पीसीचा पत्ता लिहिला की प्रोग्रॅम एसएसएचचा बोगदा सोडून थेट पीसीच्या ६००० पोर्टवर (नेटवर्कच्या क्रमांकित दारावर) धडकतो. फायरवॉल त्याला अडवते, आणि नाही अडवलं तर प्रत्येक दाबलेली कळ उघड्यावर जाते.

घरच्या इंटरनेटवर एक्स रखडतं. एक मेनू उघडायलाही पीसी आणि वर्कस्टेशनमध्ये निरोपांच्या कित्येक फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत उत्तराची वाट पाहावी लागते. स्पीड वाढवूनही ती वाट फारशी कमी होत नाही. त्याहून वाईट म्हणजे लाइन तुटली की खिडकीबरोबर सहसा प्रोग्रॅमही मरतो. सहा तासांचं सिम्युलेशन असं गेलेलं पाहवत नाही.

अशा कामाला व्हीएनसीच घ्या. वर्कस्टेशनवर व्हीएनसीचा डिस्प्ले १ सुरू केला की पोर्ट ५९०१. तो राउटरवर उघडू नका, एसएसएचच्या बोगद्यातूनच आणा. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसी पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात. घरची वीज गेली, पीसी बंद पडला, तरी डेस्कटॉप तिकडे तसाच राहतो. पुन्हा जोडलात की अर्धवट टाइप केलेली ओळही जागच्या जागी.

लॅबच्याच नेटवर्कवर बसून एखाद-दुसरी खिडकी हवी असेल, तर एक्स सुटसुटीत.