शंखात संसार करणारा टांगानिकाचा ‘मल्टी’

ठाण्यात किंवा नवी मुंबईत फिश टँक ठेवायचा म्हटलं की आधी जागेचा प्रश्न येतो. हॉलच्या कोपऱ्यात दोन फुटांचा टँक बसला तरी पुष्कळ. तेवढ्यात सिक्लिड कुळातला मासा पाळायचा असेल तर जाणकार ‘मल्टी’चं नाव घेतात, निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. नर जेमतेम चार सेंटीमीटरचा, मादी त्याहून लहान, अंगावर बारीक उभे पट्टे. सिक्लिडांच्या सर्वात छोट्या जातींत याची गणना होते. आपल्या मासळी बाजारातली चिलापीही याच कुळातली. ती 1952 मध्ये मुद्दाम भारतात आणली गेली आणि पुढे तळ्यातळ्यांत पसरली. मल्टीचं मूळ घर मात्र एकच: पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिका तलावाचा दक्षिण भाग.

ठाण्यातला मासुंदा तलाव डोळ्यांपुढे ठेवून या तलावाची कल्पना येणार नाही. लांबी साडेसहाशे किलोमीटरहून जास्त, सर्वाधिक खोली सुमारे 1,470 मीटर, काठाला चार देश. खचदरीतलं हे पाणी लक्षावधी वर्षं टिकून राहिलं, म्हणूनच दोनशेच्या आसपास सिक्लिड जाती इथल्या इथे घडल्या.

बर्टन आणि स्पीक हे ब्रिटिश शोधप्रवासी 1858 मध्ये इथे पोहोचले. पुढे 1880 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ एडगर स्मिथ यांनी निओथॉमा या इथल्या गोगलगायीचं शास्त्रीय वर्णन केलं. मल्टीची नोंद झाली ती 1906 मध्ये. विल्यम कनिंग्टन यांनी 1904–05 च्या मोहिमेत जमवलेल्या माशांवरून जॉर्ज बूलेंजर यांनी ती केली. आधी गोगलगाय, मग मासा, हा क्रम मला फार योग्य वाटतो, कारण या माशाचं अख्खं आयुष्य तिच्या शंखावर उभं आहे.

निओथॉमा मेली की शंख तळाशी उरतो. पाणी अल्कधर्मी, पीएच 9 च्या आसपास, त्यात शंख सहसा विरघळत नाही. असे शंख वर्षानुवर्षं साचून काही ठिकाणी तळावर त्यांचे थरच्या थर झालेत. त्यांवर वाळू बसते आणि मल्टी ती उपसतो. तोंडभर वाळू घ्यायची, थोडं बाजूला जाऊन टाकायची, की परत खड्ड्याशी. एवढासा जीव, पण उपसाउपशी सतत चालू. हळूहळू खड्डा होतो आणि गाडलेल्या शंखांची तोंडं मोकळी होतात. एका नराच्या हद्दीत अनेक माद्या राहतात. अंडी शंखाच्या आत घातली जातात, पिल्लंही बराच काळ वस्तीतच राहतात. खाणं म्हणजे वरून वाहत येणारं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, त्यामुळे शंखापासून लांब जायची वेळच येत नाही. मोठा मासा दिसला की क्षणात सगळे आत.

शंखावर जगणारे आणखीही आहेत. लॅम्प्रोलोगस ओसेलाटस शंखाखालची वाळू काढून तो खोल बसवतो आणि फक्त तोंड उघडं ठेवून बाकीचा पुरून टाकतो. लॅम्प्रोलोगस कॅलिप्टेरसचा नर शंख तोंडात धरून आणतो आणि ढीग रचतो. मादी शंखात मावली पाहिजे, नराला शंख वाहून नेता आला पाहिजे. त्यामुळे नर मादीच्या बारा पट वजनाचा! मादीपेक्षा नर इतका मोठा असलेलं दुसरं उदाहरण प्राणिसृष्टीत नाही.

हे सगळं माहीत असलं की टँक कसा लावायचा ते वेगळं सांगावं लागत नाही. आपलं नळाचं पाणी, भातसा धरणाचं असो की मोरबेचं, सह्याद्रीच्या पावसाचं आणि सॉफ्ट, म्हणजे कमी क्षारांचं. क्रश्ड कोरल (पोवळ्यांचा चुरा) किंवा ॲरागोनाइट ही चुन्याचा अंश असलेली वाळू घालून ते हार्ड करावं लागतं. रंगीत खडी नको, बारीक वाळूच हवी आणि तीही दोन इंच तरी, म्हणजे त्याला उपसता येईल. निओथॉमाच्या जागी गोड्या पाण्यातल्या मोठ्या गोगलगायीचे रिकामे शंख उकळून, धुऊन चालतात. मासे असतील त्याहून शंख जास्तच ठेवावेत.