फोटोच्या पोटातली तारीख

बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक उजाडेपर्यंत चालते. तिचे कॅमेऱ्यातले, दोन-तीन मोबाइलमधले आणि ग्रुपवर आलेले फोटो संगणकावर एकाच फोल्डरमध्ये ओतले, की शेवटचा चित्ररथ पहिल्याच्या आधी येऊन बसतो. संगणक चुकीची तारीख वाचत असतो, म्हणून हे होतं.

एका फोटोला किमान तीन तारखा असतात. ‘डेट क्रिएटेड’ म्हणजे फाइल या डिस्कवर कधी आली. पेन ड्राइव्हवरून कॉपी केली की ती आजची होते. ‘डेट मॉडिफाइड’ म्हणजे फाइलमधला शेवटचा बदल. खरी तारीख ‘डेट टेकन’. कॅमेरा ती फोटो काढतानाच जेपेग फाइलच्या आत ‘एक्झिफ’ नावाच्या कप्प्यात लिहितो. फाइल कितीदाही कॉपी करा, नाव बदला, ती तशीच राहते. विंडोजमध्ये फोल्डर ‘डिटेल्स’ स्वरूपात उघडा, रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून ‘डेट टेकन’ निवडा आणि त्याच रकान्यावर क्लिक करून क्रम लावा. बराचसा गोंधळ तिथेच मिटतो.

जो उरतो त्यातला काही व्हॉट्सअ‍ॅपचा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो ते लहान करतं आणि एक्झिफ पुसून टाकतं. अँड्रॉइडवर अशा फाइलच्या नावात दिसणारी तारीख फोटो मिळाल्याची, काढल्याची नव्हे. म्हणून जपून ठेवायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. मूळ फाइल जशीच्या तशी येते.

दुसरं कारण कॅमेऱ्याचं घड्याळ. बॅटरी काढून कॅमेरा महिनोन् महिने कपाटात पडला, की घड्याळ मागे जाऊन कुठल्यातरी १ जानेवारीवर थांबतं. पण ही चूक सगळ्या फोटोंना सारखीच लागते, आणि तीच आपली सोय. एकाच क्षणाचे दोन फोटो शोधा, एक कॅमेऱ्याचा, एक मोबाइलचा. समजा तारीख बरोबर आहे, पण मोबाइल २३:४२ सांगतो आणि कॅमेरा १६:१७. फरक ७ तास २५ मिनिटं. ‘डिजीकॅम’ या मोफत प्रोग्राममध्ये फक्त कॅमेऱ्याचे फोटो निवडून ‘अ‍ॅडजस्ट टाइम अँड डेट’मध्ये तेवढी वेळ मिळवा. आधी प्रतींवर करून पाहा. चुकून मोबाइलचे फोटोही निवडले गेले, तर तेही पुढे सरकतील.

फोल्डरच्या नावात वर्ष, महिना, दिवस असाच क्रम ठेवा: ‘२०२४-०९-०८ गोकाक धबधबा’. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या ८ तारखा एकत्र येतात. तारखेप्रमाणे आपोआप फोल्डर पाडणारे प्रोग्राम मिरवणुकीचे मध्यरात्री दोन तुकडे करतात. ती एकाच फोल्डरमध्ये, सुरुवातीच्या तारखेखाली ठेवावी.

फोटोंना टॅग, म्हणजे शोधायला सोपे जावेत म्हणून जोडलेले शब्द, देताना आपल्या भागात एक खास अडचण येते. बेळगाव, बेळगांव, बेलगाम आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत झालेलं बेळगावी, या चारांचं गाव एकच. संगणकाच्या लेखी शब्द चार. एक अनुस्वार वाढला तरी निम्मे फोटो शोधात सापडत नाहीत. घरातल्या सगळ्यांनी एकच रूप ठरवावं.

नको ते फोटो काढून टाकताना मात्र घाई नको. ४००० × ३००० बिंदूंचा (पिक्सेलचा) फोटो १९२० × १०८० च्या पडद्यावर पूर्ण मावतो तेव्हा सुमारे आठ बिंदूंचा एक होतो, आणि हललेला चेहराही रेखीव वाटतो. १०० टक्क्यांवर डोळे पाहा, मगच ठरवा. कार्ड रिकामं करायचं ते दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेल्यावर आणि दोन्हीकडच्या फोटोंची संख्या जुळल्यावरच.