कडक की चिवट : जाड पात्याच्या चाकूची परीक्षा आली कुठून

मागच्या हिवाळ्यात पाल गावाजवळ मित्राच्या शेतावर मुक्कामाला होतो, तिथं शेकोटीसाठी सुकी बाभूळ फोडत होतो, चाकू लाकडात रुतवून पाठीवर दांडक्यानं ठोकत होतो आणि चौथ्या ठोक्याला नवाकोरा जाड चाकू मुठीपाशी खटकन तुटला. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ६० एचआरसी, म्हणजे कडकपणाचा आकडा, छापलेलं. तुकडा आमच्या बाजारातल्या लोहारबाबांना दाखवला, त्यांनी तुटलेली जागा उन्हात धरली, दाणा साखरेसारखा चमकत होता. म्हणाले, "पानी जास्त व्हई गय याले." म्हणजे तापवून बुडवताना पोलाद गरजेपेक्षा जास्त कडक झालं. तेव्हापासून मी चाकूचं पोलाद कडक की चिवट हे तपासायच्या चाचण्या कुठून आल्या ते शोधत बसलोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कडकपणा वेगळा आणि चिवटपणा वेगळा, कडक म्हणजे सहज न दबणारं, चिवट म्हणजे दणका खाऊनही न तुटणारं. एचआरसी म्हणजे रॉकवेल पद्धतीनं मोजलेला कडकपणा, तिच्यासाठी ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल या दोघांनी अमेरिकेत १९१४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, बेअरिंगच्या रिंगा नीट कडक झाल्यात का ते पटकन कळावं म्हणून. हिऱ्याचं टोक १५० किलोच्या दाबानं पोलादात दाबायचं आणि खड्डा किती खोल गेला ते मोजायचं, बस. पातं मोडत नाही, काम मिनिटात होतं, म्हणून हाच आकडा बॉक्सवर छापला जातो. चिवटपणा मोजायचा तर नमुना तोडावाच लागतो, तो खर्च कोण करणार, मला तर हेच सगळ्या घोळाचं मूळ वाटतं.

तोडून मोजायची पद्धत मात्र रॉकवेलच्याही आधीची आहे. फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांनी १९०१ मध्ये ती पक्की केली. आज १० बाय १० मिलिमीटर जाडीचा, ५५ मिलिमीटर लांबीचा तुकडा घेतात, त्याला २ मिलिमीटरची खाच पाडतात आणि वरून जड लोलक सोडतात, तुकडा तोडून लोलक पलीकडे जितका कमी वर जाईल तितकं पोलाद चिवट. यातली खाच फार महत्त्वाची, कारण सगळा ताण तिथंच गोळा होतो. हे जगाला महागात पडून कळलं. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला उभं असलेलं स्केनेक्टडी नावाचं नवं तेलवाहू जहाज थंडीत, शांत पाण्यात, मधोमध दुभंगलं! लिबर्टी नावाच्या युद्धकाळातल्या मालवाहू जहाजांनाही तसेच तडे गेले, आणि त्यानंतर शार्पी टेस्टला खरा भाव आला. थंडी, खाच (मुठीपाशचा काटकोनी कोपरा) आणि ठिसूळ पोलाद, पालला माझ्या हातात हेच तिन्ही होते.

चाकूवाल्यांची स्वतःची परीक्षा वेगळी. चाकू घडवणारे बिल मोरन आणि साथीदारांनी १९७६ मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही पाती घडवणाऱ्यांची संघटना काढली, तिथं एकाच पात्यानं आधी लटकता इंचभर जाड दोर एका घावात कापायचा, मग दोन बाय चार इंचाचं लाकूड तोडायचं, मग हातावरचे केस भादरायचे आणि शेवटी पातं व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून ९० अंशात वाकवायचं. क्रम बघा, लाकूड तोडूनही धार टिकली पाहिजे आणि वाकून पातं तुटलं नाही पाहिजे. मला ही परीक्षा आवडते, पण पाठ मऊ ठेवली की वाकायचं काम सोपं होतं, म्हणून नुसता वाकलेला फोटो बघून भुलू नका.

आपल्याकडं ही समज आकड्यांशिवाय आहे. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर रस्ते एकमेकांना भेटतात, ट्रकची काय कमी, त्यांच्या भंगारातला कमानीचा पाटा लोहाराच्या भट्टीत येतो आणि त्याचा कोयता होतो. पाटा मुळातच लाखो दणके खायला बनवलेला, वाकून परत सरळ होणारा. पाणी दिल्यावर बाबा पातं परत हलकं तापवतात, पिवळा रंग पुढं सरकताना डोळे लावून बसतात, निळा धारेपर्यंत आला तर धार मऊ पडणार, आणि पिवळाही आला नाही तर ठिसूळ राहणार. मग सुक्या बाभळीच्या गाठीवर दोन-चार घाव घालून धारेवर नख फिरवतात, टवका उडालाय की धार मुडपलीय ते बघायला. मुडपली तर परत घासता येते, टवका गेला तर गेला.

माझ्यासाठी त्यांनी पाट्याचाच नवा चाकू केला. मुठीत जाणाऱ्या शेपटीचा कोपरा काटकोनात सोडला नाही, गोल कानसीनं घासून घासून गोलसर केला.