वर्णन लांबलचक, अधिकार शून्य: आयर्लंडमधल्या जुन्या घरांच्या दोन याद्या

डब्लिनमध्ये भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या जुन्या घरांपैकी एखादे घेताना "हे हेरिटेज यादीत आहे" असे कानावर आले, तर आधी विचारावे: कुठल्या यादीत? याद्या दोन आहेत आणि मुरलेले लोकही त्यांची गल्लत करतात.

पहिली 'नॅशनल इन्व्हेंटरी ऑफ आर्किटेक्चरल हेरिटेज'. 1990 मध्ये सुरू झालेल्या या सरकारी सर्वेक्षणाला 1999 च्या कायद्याचा आधार मिळाला. यातल्या नोंदी वाचायला मोठी मजा येते: दर्शनी बाजूला तीन खिडक्यांची रुंदी, तळघरावर तीन मजले, बांधकाम अमुक सालाच्या सुमाराचे, वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या, दारावर फॅनलाइट (दाराच्या वरची काचेची झडप), ग्रॅनाइटच्या पायऱ्या, लोखंडी कठडे. शिवाय महत्त्वही ठरवलेले असते: आंतरराष्ट्रीय, राष्ट्रीय, प्रादेशिक, स्थानिक. वाटते, आता या घराला कोण हात लावणार! पण नुसत्या या नोंदीने काडीचेही संरक्षण मिळत नाही.

दुसरी 'रेकॉर्ड ऑफ प्रोटेक्टेड स्ट्रक्चर्स'. ही स्थानिक परिषदेच्या (आपल्याकडच्या महापालिकेसारखी संस्था) विकास आराखड्यात असते. डब्लिन शहराच्या यादीत क्रमांक, पत्ता आणि पुढे बऱ्याचदा नुसते 'घर'. इतकी रूक्ष! तरी 2000 च्या नियोजन कायद्याची खरी ताकद हिच्याच मागे आहे. संरक्षण आतपर्यंत पोचते: जिना, छताचे प्लास्टरकाम, फायरप्लेस, आवारसुद्धा. एरवी घरातले बदल बहुधा परवानगीविना करता येतात; इथे घराचे मूळ स्वरूप बदलणाऱ्या कामाला परवानगी लागते. जुन्या खिडक्या काढून पीव्हीसीच्या बसवणे हे नेहमीचे उदाहरण. विटांचे सांधे चुन्याऐवजी सिमेंटने भरणे तर मला त्याहून वाईट वाटते, कारण सिमेंट ओल कोंडून ठेवते आणि जुनी मऊ वीट पापुद्रे सुटून झिजते. कुठले काम परवानगीविना चालेल, हे परिषदेकडून लेखी मागता येते. कंत्राटदार ठरवण्याआधीच मागावे.

दोन्ही याद्यांत दुवा आहे. सर्वेक्षणात 'प्रादेशिक' किंवा वरचे महत्त्व मिळालेली घरे दुसऱ्या यादीत नोंदवण्याची शिफारस मंत्री करतात, पण मालकाला कळवून, हरकती ऐकून निर्णय घेतात ते परिषदेचे निवडून आलेले सदस्य. म्हणून एकाच रांगेतले एक घर संरक्षित आणि शेजारचे नाही, असेही होते. तेव्हा सर्वेक्षणाच्या नकाशावर विसंबू नये, परिषदेची यादीच तपासावी.