फुंकणीपासून सोनोग्राफीपर्यंत: श्वासपटलाच्या तपासणीची पार्श्वभूमी

कोकणातल्या दवाखान्यात 'धाप लागते' ही तक्रार रोजची. पाखाडी चढताना मध्येच जांभ्याच्या पायरीवर टेकणारी आजी घ्या. तिचा जन्म चुलीपुढे फुंकणी घेऊन गेलेला. नाहीतर मुंबईच्या गिरणीत कापसाची धूळ खाऊन १९८२ च्या संपानंतर गावी परतलेले आजोबा. दोघांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, असू शकतो. निदानाला आजही स्पायरोमेट्रीच लागते, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजायची तपासणी. तिचं मूळ यंत्र इंग्रज डॉक्टर जॉन हचिन्सननं १८४६ मध्ये मांडलं. पण बोळक्या तोंडानं नळी घट्ट धरून जोरात फुंकणं सोपं नाही. जिनं उभं आयुष्य फुंकण्यात घालवलं, तिला पुन्हा फुंकायलाच सांगायचं!

न फुंकता श्वासाचा स्नायू बघायची वाट म्हणजे सोनोग्राफी; पण ती छातीपर्यंत यायला बराच वेळ लागला. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरचा फिशफाइंडर ध्वनीचा प्रतिध्वनी टिपतो, तसंच हेही यंत्र. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये त्यातून पोटातल्या गाठी दाखवल्या. फुफ्फुसात मात्र हवा, आणि हवा ध्वनी परतवून लावते. त्यामुळे छातीच्या डॉक्टरांनी यंत्राकडे पाठच फिरवली.

खरं तर बघायचं होतं फुफ्फुसाखालचं श्वासपटल, म्हणजे श्वास ओढणारा घुमटासारखा स्नायू. फुफ्फुसात हवा कोंडली की हा घुमट सपाट होतो, मग श्वास घेताना खालच्या बरगड्या आत ओढल्या जातात. अमेरिकी डॉक्टर हूव्हरनं ही खूण १९२० च्या सुमारास नुसत्या डोळ्यांनी ओळखली होती. पुढे बरगड्यांमधून प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगाला टेकवायचा भाग, लावून पडद्यावरच्या दोन पांढऱ्या रेघांमधली काळी पट्टी, म्हणजे तो स्नायू, मोजता येऊ लागला. श्वास घेताना तो २० टक्केही जाड झाला नाही, तर त्यात जोर उरलेला नाही असं धरतात. २००९ मध्ये फ्रान्समध्ये २१० निरोगी माणसांच्या श्वासपटलाची हालचाल मोजली गेली: शांत श्वासात पुरुषांचं श्वासपटल सरासरी १.८ सेंटिमीटर सरकतं, खोल श्वासात सुमारे ७.

हे बहुतेक उजवीकडून बघतात, यकृताच्या आधारानं. डावीकडे जठरातली हवा आड येते.

आपल्याकडे आणखी एक अडसर. गर्भलिंगनिदान रोखायला महाराष्ट्रानं १९८८ मध्ये, देशानं १९९४ मध्ये कायदा केला. तो हवाच होता. पण त्यामुळे सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंदणी आली, आणि छातीचा डॉक्टर ते स्टेथोस्कोपसारखं पिशवीत टाकून वाडीवर जाऊ शकत नाही.